जाळीचं वाण

जावयाचा ओला टॉवेल वैजनाथरावांनी दोन बोटांनी उचलला, खाली दबलेल्या ऑर्किडच्या कोवळ्या पानावर फुंकर घातली आणि टॉवेल दाराबाहेरच्या खुर्चीवर नेऊन टाकला. परत आत आले तेव्हा रुद्रेश जागा झाला होता. गादीवर पडल्या पडल्या तो डोक्यावर लोंबणाऱ्या मुळांकडे बघत होता.

"मामा, ही मुळं वाढायलीत का? काल नाकापशी नव्हती."

"वाढू द्या. तुमी फक्त हात लावू नका."

"मी कशाला लावतो? मला कूस बदलता येईना."

ते खरं होतं. दोन मांडण्यांच्या मध्ये जेवढी वाट होती तेवढीच रुंद त्याची गादी. पण इलाज नव्हता. ऐन ज्येष्ठात अधिक महिना आला होता, धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई नांदेडहून आले होते, आणि घरातला एकुलता एक कूलर दोनशेच्या वर ऑर्किडांच्या खिडकीला बसवलेला होता. जावयाला मान द्यायचा तर त्याला त्यांच्यातच झोपवणं भाग होतं. हा मान आहे की शिक्षा, हे रुद्रेशला अजून ठरवता आलं नव्हतं.

वैजनाथराव पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, यात त्यांचा जन्म गेला. आणि अशा माणसाने, लातूरसारख्या गावात, आसामच्या आणि कोकणच्या ओल्या रानातली झाडं आणून बसवली. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे तर पाणीही नव्हतं. बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी ते पिंपांत भरून ठेवत आणि उन्हाळाभर बारीक फवाऱ्याने पुरवून पुरवून वापरत. एकदा उमादेवींनी त्यातलं तांब्याभर पाणी डाळीला घेतलं. डाळ लोण्यासारखी शिजली आणि नवरा दोन दिवस बोलला नाही.

ती खोली मूळची वर्षाराणीची. लग्न होऊन ती गेली तेव्हा वैजनाथरावांना त्या रिकाम्या खोलीकडे बघवेना, म्हणून त्यांनी तिथे एक कुंडी आणून ठेवली. एकीला सोबत म्हणून दुसरी आणली. पुढे पुढे सोबत इतकी झाली की लेक माहेरी आली की तिलाच हॉलमध्ये पंख्याखाली आईजवळ झोपावं लागे, आणि एका मुक्कामात ती परत जाई. उमादेवी खोली मागत. "एवढा बहर होऊ दे," वैजनाथराव म्हणत. दोनशे झाडांत कुणाचा ना कुणाचा बहर कायमच चालू असे.

सध्या पाळी सीतेच्या वेणीची होती. सहा वर्षं नुसती पानं दाखवणाऱ्या त्या झाडाला यंदा पहिल्यांदा फुलाचा दांडा आला होता आणि त्यावर मोहरीएवढ्या कळ्या धरल्या होत्या. वैजनाथराव उठल्यावर आधी तिला बघत, मग देवाला. या उन्हात ती आठवडाभर तगली तर गुलाबी फुलांचा घोस लागणार होता. त्यांना आता जगाकडून दुसरं काही नको होतं.

"अहो," उमादेवींनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "गोलाईच्या बाजारातून विड्याची पानं आणा. कवळी बघून आणा."

ते पानं घेऊन घामाघूम होऊन परतले, तेव्हा हॉलमध्ये रांगोळी घातलेली होती, पाटावर रुद्रेश नव्या शर्टात अवघडून बसला होता, शेजारी वर्षाराणी होती, आणि दोघांच्या पुढ्यात कुंड्या मांडलेल्या होत्या. त्यांच्या ऑर्किडांच्या कुंड्या. प्रत्येक कुंडीला हळदकुंकू लावलं होतं आणि मधोमध निरांजन तेवत होतं.

"हे काय करायलीस?"

"वाण. तेहतीस हायेत, मोजून घेतल्यात."

"अनारशाचं असतंय ना वाण?"

"अनारसे हसले. तुपात टाकला की इस्कटायला."

"मग बत्तासे आणायचे! म्हैसूरपाक आणायचा! मी गोलाईतच व्हतो की!"

"अधिकात जावयाला जाळीचं वाण लागतं, भोकाभोकाचं," उमादेवी शांतपणे म्हणाल्या. "बघा. एकेका कुंडीला हायेत तेवढी भोकं आपल्या चाळणीला बी न्हाईत. तुमीच तर पाडलाव बसून बसून."

वैजनाथराव पुढे होईपर्यंत उमादेवींनी पळीभर पाणी जावयाच्या ओंजळीत सोडलंसुद्धा. संपलं. आता ते दान झालं होतं, आणि दान माघारी मागणारा माणूस वैजनाथरावांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. जावयाची तऱ्हाही निराळी नव्हती. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन थेट स्वयंपाकघरात येणारं. पण सासूने पदर सावरून दिलेलं वाण नको म्हणायला वाघाचं काळीज लागतं.

"मामी, एवढं कशाला," तो कसाबसा म्हणाला.

"मानाचं हाय. न्हाई म्हणू नका."

तेवढ्यात वैजनाथरावांना दुसऱ्या रांगेत सीतेची वेणी दिसली. कळ्यांच्या अगदी शेजारी कुंकवाचं बोट उमटलं होतं. विड्याची पानं हातात तशीच घेऊन ते उभे राहिले.

जेवणात पुरणाचे धोंडे होते आणि वर वाटीभर तूप. रुद्रेशला आग्रह झाला, वैजनाथरावांना कुणी केला नाही आणि त्यांनी काही मागितलंही नाही. जेवणानंतर उमादेवींनी कुंड्या टोमॅटोच्या क्रेटमध्ये भरल्या आणि सकाळपर्यंत गारव्याला म्हणून पुन्हा खोलीतच दाराशी नेऊन ठेवल्या. वर्षाराणी हात लावायला गेली तर त्या ओरडल्या.

"तू उचलू नको म्हणलं ना!"

"उचलू दे की," वैजनाथराव म्हणाले. "तिला कुंडी कशी धरायची ते कळतंय तरी. तू तर दांड्यालाच धरायलीस."

त्यावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि उमादेवींनी पुढचा क्रेट स्वतःच उचलला.

दुपारी घर निजलं. उमादेवी आणि वर्षाराणी हॉलमध्ये आडव्या झाल्या, आतल्या खोलीत जावई घोरू लागला. वैजनाथराव देवघरातून हळदकुंकवाचा करंडा घेऊन पाय न वाजवता खोलीत शिरले. बेत साधा होता. मांडणीवरचं दुसरं एखादं धडधाकट झाड घ्यायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, क्रेटमध्ये ठेवायचं आणि सीतेची वेणी तिच्या जागी परत आणायची. संख्या तेहतीसच राहते, देवाचाही तोटा नाही. त्यांनी झाड निवडलं, बोट कुंकवात बुडवलं, कुंडीला टेकवलं.

"मामा, काय करायलाव?"

घोरणं कधी थांबलं ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लाल बोट हवेत तसंच राहिलं.

"काही न्हाई. ते एक झाड जरा नाजूक हाय. तुमाला दणकट देतो."

रुद्रेश गादीवर उठून बसला. त्याने क्रेटकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मग मामा, सगळ्याच बदलू की. रिकाम्या कुंड्या हायेत ना तुमच्यापशी? भोकं तेवढीच."

लग्नानंतर आज पहिल्यांदा सासरा-जावई मोकळेपणाने बोलायला बसले. रुद्रेशने कबूल केलं की त्याच्या हाताने तुळससुद्धा जगत नाही. वैजनाथरावांनी त्याला मुद्दाम घाबरवलं: मुळांना वारा लागला पाहिजे, शेंड्यात पाणी साचलं की झाड कुजतं, ऊन पाहिजे पण ऊन नको. रुद्रेश प्रत्येक वाक्यागणिक खुशीत मान हलवत होता.

"मग तुमीच सांगा तिला, झेपणार न्हाई मनून," वैजनाथराव म्हणाले.

"मी? मामीला? तुमीच सांगा. बायको तुमची हाय."

वैजनाथरावांनी करंड्याचं झाकण घट्ट लावलं.

"तसं बी मामी ऐकायच्या न्हाईत," रुद्रेश म्हणाला. "त्यांनी कुंड्या कुठं मोजल्या? जागा मोजली. काल वितीनं भिंत मोजत व्हत्या. मी झोपायचं सोंग घेतलं व्हतं. वर्षाला म्हणल्या, ह्या भिंतीला बाज बरोबर बसतीय, अन् कूलरचं वारं बाळाच्या अंगावर बी येत न्हाई."

"कुणाच्या बाळाच्या?"

रुद्रेशचं तोंड उघडं राहिलं. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमाला... मामी बोलल्या न्हाईत?"

"न्हाई."

"तिसरा महिना सरू द्या म्हणल्या व्हत्या. तुमी गल्लीभर सांगताल मनून." तो पुढे म्हणाला, "कार्तिकात हाय. पहिलं बाळंतपण माहेरीच मनून... मामा, मी सांगितलं म्हणू नका बरं. पाया पडतो."

वैजनाथरावांनी भिंतीकडे पाहिलं. सकाळपासून त्यांना वाटत होतं की बायकोने डोळ्यात भरतील त्या कुंड्या उचलल्या, त्यांची खोड मोडायला. आता रिकामी मांडणी दिसत होती. खिडकीच्या कोपऱ्यापासून कपाटापर्यंत सरळ, एक न सोडता, एक न निवडता. सीतेची वेणी मध्ये आली म्हणून गेली, एवढंच. बिचाऱ्या बायकोने किती वर्षं तोंडाने मागितली ही खोली, आणि शेवटी तिला देवाला मध्ये घालावं लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच इतका आनंद झाला की डोळे भरून आले. हॉलमध्ये जाऊन झोपलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं फार वाटलं. पण उघडपणे त्यांना अजून काही माहीतच नव्हतं, तेव्हा तेही करता येईना.

त्यांनी ओल्या फडक्याने दणकट झाडाच्या कुंडीवरचं कुंकू पुसलं आणि ती परत मांडणीवर ठेवली.

"मामा, ते नाजूक राहू द्या की इथंच," रुद्रेश हलक्या आवाजात म्हणाला. "एकानं काय व्हतंय?"

"न्हाई. दिलेलं हाय ते." वैजनाथराव क्रेटपाशी बसले आणि सीतेच्या वेणीच्या दांड्याला एक बारीक काडी बांधू लागले, म्हणजे प्रवासात हलणार नाही. दोनदा गाठ सुटली. "पावसाच्या पाण्याचं एक कॅन देतो. पोहोचल्या पोहोचल्या कूलर घ्या. झाडासाठी न्हाई, वर्षासाठी घ्या. ही कुंडी त्याच्यासमोर ठेवा. अन् फुलली की मला फोटो धाडा."

"दोन फोटो धाडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी निघायची होती. क्रेट मागे चढले. वैजनाथराव, रुसलेल्या माणसाने वागावं तसं, कुणाशी न बोलता आत-बाहेर करत होते. उमादेवींची नजर त्यांच्यावर होती. रात्रीपासून त्या भांडणाची वाट बघत होत्या आणि चार उत्तरं तयार ठेवून बसल्या होत्या; नवरा गप्प म्हटल्यावर त्यांना धास्ती वाटू लागली.

तेवढ्यात वैजनाथराव खोलीतून बाहेर आले. दोन्ही हातांत त्यांचा सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा वांडा ऑर्किड होता. खोलीच्या मधोमध टांगलेला, ज्याची मुळं जावयाच्या नाकापर्यंत येत होती तोच. तो त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर अलगद ठेवला आणि मुळं गोळा करून आत घेतली.

"हे कशाला?" उमादेवी म्हणाल्या. "वाण तेहतीसचं असतंय."

"हे वाणात न्हाई."

"मग कशाला दिलाव?"

"छताची कडी मोकळी असलेली बरी," वैजनाथराव म्हणाले, आणि हात झटकले.

ती कडी वर्षाराणीचा जन्म झाला त्या साली गवंड्याकडून पाळण्यासाठी बसवून घेतली होती. उमादेवी नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि जावयाकडे पाहिलं.

रुद्रेश वाकून गाडीखाली चपला शोधत होता. दोन्ही चपला त्याच्या पायांतच होत्या.