इसोगाईंची उडी

गेल्या ऑक्टोबरात इसोगाईंनी मला एक पत्र लिहिलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. लिहिलंच नाही असं नाही, बरीच लिहिली. पण माझा सगळा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधण्यात गेला. स्वतःचं वाक्य समोर आलं की मला त्यात चुकांशिवाय काही दिसत नाही. एका मसुद्यात मी फार लाचार वाटे, दुसऱ्यात फार कोरडा. तेवढ्यात नवं वर्ष आलं. रिवाजाप्रमाणे मी त्यांना शुभेच्छांचं कार्ड पाठवलं, त्यांचंही मला आलं. दोन्ही छापील. हातानं लिहिलेला एक शब्द ना त्यांच्या कार्डावर होता, ना माझ्या.

त्यांचं पत्र लहानसं होतं. पोहण्याच्या स्पर्धेत आपल्या उतावळेपणामुळे संघ बाद झाला, वाकुईसानांचा, म्हणजे माझा, हात भिंतीला लागेपर्यंत आपल्याला धीर धरवला नाही, याची लाज वाटते, आणि यापुढे आपण संघात न राहणंच बरं. झालं. खाली सही. अक्षर नेहमीसारखं सरळ, रुळांसारखं. चाळीस वर्षं ते रेल्वेत सिग्नल सांभाळायला होते.

मी ते पत्र वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थांबायला न जमल्याबद्दल एखादा सज्जन माणूस क्षमा मागतो, तेव्हा ज्याने त्याला थांबवून ठेवलं त्याने काय मागायचं? ते बिचारे उडी मारायच्या ओट्यावर वाकून उभे, आणि मी आपला येतोय, येतोय, अजून येतोय. त्यांच्या त्या सभ्य ओळींतून मला एकच ऐकू आलं: तुमच्यासाठी किती थांबायचं हो, वाकुईसान?

आमचा पोहण्याचा तलाव गावच्या कचराभट्टीला लागून आहे. भट्टीच्या उष्णतेवर पाणी बारा महिने कोमट राहतं. तोकुरासान म्हणतात, "काल मी टाकलेल्या माशांच्या डोक्यांत आज तुम्ही पोहताय, जरा आदराने पोहा." त्यांचं बंदरावर माशांचं दुकान होतं. आता ते मुलगा बघतो, आणि त्या आम्हाला बघतात. आमच्या संघाच्या त्या प्रमुख. त्यांना कोणी निवडलं नाही, त्यांच्या आवाजाने निवडलं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो कंबर धरली म्हणून. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. मी कडेच्या पट्ट्यात बगळ्यासारखा पाय उचलत चालायचो आणि शेजारून इसोगाई पोहत जायचे, शांत, एका लयीत, पाण्याला त्रास न देता. दोन वर्षं आम्ही एकमेकांना नुसती मान लववली. मग एक दिवस ते पट्ट्याच्या दोरीवर हात ठेवून थांबले.

"वाकुईसान, राग मानू नका. तुम्हाला पोहायचंय. तुम्ही चालता चालता हात मारता."

"छे छे, मला जमणार नाही. श्वासाचं काही कळत नाही मला."

"सोपं आहे. पाण्यात श्वास घ्यायचा नसतो, सोडायचा असतो. घ्यायचं काम वर येऊन करा."

पासष्टी उलटलेल्या माणसाला त्यांनी श्वास सोडायला शिकवलं. त्यानंतर माझी कंबर गेली कुठे, मला आठवत नाही. सकाळी पोहून आलो की दिवसभर अंगात ऊब राहायची, पुस्तकाची पानंसुद्धा हलकी वाटायची. मुलगी दूरच्या शहरात, घरात मी आणि कपाटं. पोहणं नसतं तर मी कधीच कपाटातलं एक पुस्तक होऊन बसलो असतो.

तर त्या ऑक्टोबरात आम्ही चौघं प्रांताच्या स्पर्धेत रिलेची शर्यत पोहलो. दोन बाया, दोन पुरुष. आधी चिझुसान, मग तोकुरासान, तिसरा मी, शेवटी इसोगाई. आधीच्याचा हात भिंतीला लागल्याशिवाय पुढच्याचा पाय ओट्यावरून सुटता कामा नये, एवढा एकच कडक नियम. मी परतीच्या वाटेवर होतो. मला आठवतं ते एवढंच, की शेवटी शेवटी पाणी फार शांत झालं होतं. मग अगदी जवळ काहीतरी धपकन पडलं. मी दचकून डोकं वर काढलं, तर इसोगाई पाण्यात! मी घाईघाईने चार हात मारून भिंत गाठली. ते माझ्याकडे बघत होते. मग वळले आणि आपले पन्नास मीटर पोहून आले. पंचांनी वाकून नमस्कार केला आणि आम्हाला बाद केलं.

त्यानंतर इसोगाई तलावावर आले नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात, पोहून झाल्यावर आम्ही तिघं शेकायच्या खोलीत बसलो होतो. तलावाच्या कडेलाच काचेची छोटी गरम खोली आहे. ओल्या अंगाने तिथे बसायचं आणि गावाची खबर घ्यायची. चिझुसान टोपी पिळत होत्या. त्या आमच्यातल्या लहान, त्र्याहत्तरच्या.

तोकुरासानांनी मांडीवर थाप मारली. "यंदा भरतात! स्पर्धेत धरतात तशी डिसेंबरअखेरची चौघांची वयं मिळून बरोबर तीनशेवीस. वरचा गट! गेली किती वर्षं आपण त्या सत्तरीच्या पोराटोरांशी झुंजतोय."

"माझ्यामुळेच अडलं होतं," चिझुसान म्हणाल्या. "माझं वय लवकर वाढतच नाही."

"तुझं सोड. घरी बसून लोणच्यासारखी मुरली असतीस तर कधीच वाढलं असतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "वाकुईसान, नावं जुलैत द्यायचीत. इसोगाईंकडे तुम्ही जायचं."

"मी? नको हो. ते माझ्यावर नाराज आहेत."

"कोण नाराज आहे?"

"त्यांनी लिहिलं ना, त्यांना थांबवेना. बरोबरच आहे. माझ्यासारख्या गोगलगाईसाठी माणूस किती थांबणार?"

चिझुसानांचे हात टोपीवर थांबले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तोकुरासानांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"वाकुईसान, ते पाण्यात का पडले असं तुम्हाला वाटतं?"

"उतावळेपणाने. तसंच लिहिलंय त्यांनी."

"अहो, आधीची गाडी पुढे गेल्याशिवाय हिरवा दिवा न दाखवणारा तो माणूस! उतावळा? तो? लग्नाला हो म्हणायला त्याने सहा वर्षं लावली, त्याची बायको सांगायची."

"मग?"

"तुम्ही थांबला होतात," चिझुसान हळूच म्हणाल्या. "भिंतीपासून थोडं अलीकडे. पालथे. हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते."

"छे. मी पोहत होतो."

"मेलेला बांगडा जितका पोहतो तितके," तोकुरासान म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. "मी ओट्याच्या मागेच उभी होते ना. त्यांनी तुम्हाला हाक मारली, मोठ्याने, दोनदा. तुमचे कान पाण्यात. पोहायचा चष्मा त्यांच्या कपाळावर तसाच. आणि उडी मारली ती पायांवर. सरळ खाली, विहिरीत मारतात तशी. शर्यतीत पायांवर उडी कोण मारतो, सांगा!"

मला आठवलं, बाहेर आल्यावर एका मुलीने मला खुर्चीवर बसवलं होतं, नाडी पाहिली होती, आज तारीख काय म्हणून विचारलं होतं. मला वाटलं होतं, म्हाताऱ्यांची इथे फार छान काळजी घेतात.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे!" तोकुरासान म्हणाल्या. "त्यांनी आम्हाला हात जोडले. म्हणाले, कुठे बोलू नका, त्यांच्या मुलीच्या कानावर गेलं तर पोहणं बंद करेल, आणि त्या माणसाकडे दुसरं आहे काय. म्हणून ते उतावळेपणाचं नाटक. पंचांना तेच, तुम्हाला पत्रात तेच. आणि तुम्ही उत्तरसुद्धा दिलं नाहीत. त्यांना वाटतं, चारचौघांत तुम्हाला बुडता समजून उडी मारली, याचा तुम्हाला अपमान वाटला. समोर दिसलो तर वाकुईसान यायचे बंद होतील, म्हणून तेच यायचे थांबले."

"पोहतात का ते? दुसरीकडे कुठे?"

"कुठे पोहणार? घरात बसतात. परवा बाजारात भेटले. जिना चढताना कठड्याला धरून चढत होते." त्यांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. "त्र्याऐंशीचं शरीर पाण्याबाहेर लवकर वाळतं हो, वाकुईसान."

आठ महिने मी त्या पत्रात माझीच निंदा शोधत बसलो होतो, आणि तेवढे आठ महिने तो माणूस माझ्यासाठी कोरडा बसला होता.

आधी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, बरंच ऐकून घेतलं आणि हसले. जोरात जाण्याच्या नादात मी शेवटी श्वास घेणंच सोडून दिलं असणार, म्हणाले. अशाने शुद्ध हरपते. हृदय वयाच्या मानाने बरं आहे. पोहा, पण दर हाताला श्वास घ्या, सुरुवात पाण्यातूनच करा, आणि एकटे पोहू नका. घरी येऊन मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, संपलं आता.

"बाबा, त्या मासेवाल्या बाई रोज असतात ना तिथे?"

"असतात."

"आणि ज्यांनी उडी मारली ते?"

"ते येत नाहीत सध्या."

"मग आधी त्यांना आणा. ते आले की मला कळवा. तोपर्यंत तुम्ही पाण्यात नुसतं चाला."

मी पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात कृतज्ञता होती, पश्चात्ताप होता, एक जुनं सुभाषितही आलं होतं. वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली होती की वाचणाऱ्यालाच अपराधी वाटावं. तेही फाडलं. त्यांच्या दारात उभं राहून बोलावं, असंही मनात आलं. पण मी दारात उभा राहिलो की हवेबद्दल बोलून परत येतो, हे मला माहीत आहे. शेवटी एक साधं कार्ड घेतलं, म्हणजे जागाच उरू नये, आणि न थांबता लिहिलं:

'इसोगाईसान, मी पाण्यात थांबलो होतो हे मला परवा कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या मंदपणाला तुम्ही कंटाळलात. अपमान वगैरे काही नाही. मुलीला मीच सांगितलं आहे, तिची अट एकच आहे: तुम्ही असायला हवं. ऑक्टोबरात मी तुमच्या आधी पोहेन, दर हाताला श्वास घेऊन. तरी तुम्हाला शंका आली तर खुशाल उडी मारा. बाद झालो तर होऊ. तोकुरासान ओरडतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. वाकुई.'

'उडी मारा' हे जरा हुकूम केल्यासारखं वाटलं. 'मारावी' करावं का? पेन उचललं, आणि ठेवून दिलं.

तलावाच्या वाटेवर, वळणावरच्या तांदळाच्या दुकानासमोर टपालपेटी आहे. पिशवीत टॉवेल आणि टोपी होती, हातात कार्ड. मी पत्ता पुन्हा एकदा वाचला. मागून एक बाई सायकल धरून आल्या, त्यांनाही काहीतरी टाकायचं होतं. "तुम्ही आधी," मी म्हणालो. "नाही नाही, तुम्हीच आधी," त्या म्हणाल्या. मी आणखी एकदा म्हणालो असतो. पण त्या वाट बघत होत्या. मी कार्ड पेटीत टाकलं.