आकड्यांचं लोखंड

लोखंड तापवलं की त्याचं चुंबकपण जातं. ते नेमकं कसं जातं, हे आमच्या घरच्या प्राध्यापकांना लोखंड न तापवता बघायचं होतं. म्हणजे कॉम्प्युटरवर नुसतं आकड्यांचं लोखंड करायचं आणि तेच तापवायचं! एकाहत्तर साली नगरमध्ये कॉम्प्युटर कुठला? तो मुंबईच्या एका संस्थेत, आणि त्याच्यापुढे गावोगावच्या संशोधकांची रेशनसारखी रांग. हे आपलं गणित भोकांच्या खुणांनी लिहिलेली कार्डं खोक्यात भरून पाठवायचे. एक भोक चुकलं की खोकं परत, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. यंदाची पाळी दसरा झाल्या झाल्या होती. ती हुकली तर पुढची दिवाळीनंतर, आणि डॉक्टरेटचा प्रबंध तर दिवाळीआधी द्यायचा. त्यामुळे घरात त्या खोक्याला जावयाचा मान होता.

खंडेनवमीला पाथर्डीहून माझ्या सासूबाई, गोजरबाई, आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ज्याच्यावर पोट भरतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, हा त्यांचा नेम. यांनीच मोठ्या कौतुकानं खोकं दाखवलं, "आई, हेच माझं हत्यार." आणि झेंडू आणायला बाजारात गेले. मग काय! आत्याबाईंनी माझी विळी पुजली, शिलाईचं मशीन पुजलं आणि खोक्याचं झाकण उघडलं.

हे परत आले तेव्हा वरच्या कार्डांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि कार्डं एकमेकांना चिकटली होती.

"अगं आई, काय केलंस हे! एक जरी कार्ड कॉम्प्युटरमध्ये अडकलं तर माझी पाळी गेली. कळत नाही तिथं हात कशाला घालतेस?"

आत्याबाई पूजेचं ताट उचलून आत गेल्या. भरल्या सणाला आईवर असं खेकसणारा माणूस डॉक्टर झाला काय अन् न झाला काय, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. भोकं पाडायचं यंत्रही मुंबईतच. खराब कार्डं तिथं नव्यानं करून घ्यायची म्हणून हे खोकं छातीशी धरून एस.टी.त बसले. जाताना आईच्या पायाही पडले नाहीत. मला फार राग आला.

दसऱ्याला आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. "मी जाते विमल. माज्यापाई पोराचं शिक्शान बुडालं."

"ते येईस्तोवर थांबा हो."

"नगं. त्याला माजं त्वांड दिसाया नगं."

कधी एस.टी. निघून गेली म्हणून, कधी माझी पाठ दुखते म्हणून, मी त्यांना थोपवून धरलं.

आणि मग तार आली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच आत्याबाईंना ठाऊक. त्यांनी माझा हात धरला. "वाच की गं, लवकर वाच!"

मी वाचली, "काम झालं. इथल्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू आणि हार. चुकलो. आईला जाऊ देऊ नको."

"म्हंजी तितल्या शिकल्याल्या मानसांनीबी पूजा केली?"

"केली की. फक्त बाहेरून केली."

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला.

"आगं, मंग माजंबी चुकलंच की. विमल, त्याला उलटी तार कर. म्हनावं, आई हाय हितंच."

मी चपला पायात सरकवल्या आणि पोस्टात गेले.