एका माळेपुरती गाडी

तुळशीला पाणी घालून झालं की रतनबाई पदराला हात पुसायची, दाराआडच्या खिळ्यावरची किल्ली काढायची आणि पत्र्याच्या शेडात उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनमध्ये जाऊन बसायची. किल्ली फिरवली की गाडी आधी दोनदा खोकायची, मग सुरू व्हायची. मग रतनबाई जपाची माळ हातात घ्यायची. माळ होईपर्यंत इंजिन चालू. मेरुमणी बोटाला लागला की किल्ली बंद. गाडी कुठं जायची नाही. जागेवरच घुमायची, आणि त्या घुमण्याबरोबर तिचे ओठ हलत राहायचे.

तिचा नवरा सावळाराम याच व्हॅनमधून मार्गासनी ते नसरापूर माणसांची ने-आण करायचा. दोन-अडीच वर्षांमागं त्याला कावीळ झाली आणि ती अंगात भिनली. पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा स्टिअरिंग धरायचंही बळ उरलं नव्हतं, म्हणून तो एसटीनं गेला. खिडकीतून डोकं काढून ओरडला होता, "गाडी रोज चालू करीत जा गं! न्हाईतर बॅटरी उतरंल. मी येईस्तवर कर."

आठवडाभरानं तो आला. पण अँब्युलन्समधून आला, आणि ती अँब्युलन्स या व्हॅनच्याच शेजारी येऊन थांबली. तसलं येणं हे येणं धरायचं का, हे रतनबाईला कुणाला विचारता आलं नाही. सोळा सोमवारांचं, चतुर्थीचं उद्यापन कसं करायचं ते गुरुजी सांगायचे. याचं कोण सांगणार? सुतकात देवपूजा बंद होती, पण गाडी रोज चालू होत होती.

ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. पेट्रोल दुधाच्या टेम्पोवाल्याकडून कॅनमध्ये मागवून घ्यायची. मुलगा सोमनाथ भोसरीला कारखान्यात होता, गुरुवारी सुट्टीला घरी यायचा. त्याला वाटायचं, बॅटरी चांगली निघाली.

त्याच सोमनाथनं आता गाडी विकायचं ठरवलं होतं. उभी राहून गंजून जाईल, म्हणाला. रतनबाईनं होकाराची मान हलवली होती, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गाडीत जाऊन बसली होती.

गुरुवारी सकाळी ती माळ संपवून उतरली, तोवर पहिल्या एसटीनं सोमनाथ आला. पाठोपाठ नसरापूरचा मेकॅनिक इब्राहीम स्कूटरवरून आला, आणि मागच्या सीटवर गाडी घेणारा कामथडीचा कोंडिबा. कोंडिबाला झेंडू मार्केटला न्यायला गाडी हवी होती.

"पट्टा बदलल्याबिगर ही गाडी मी कुनाच्या हातात देनार न्हाई," इब्राहीमनं आधीच बजावलं होतं. इंजिनाच्या आतला तो दात्यांचा पट्टा, टायमिंग बेल्ट. "सावळाला म्हनलं व्हतं बदलू. तर म्हनला, जत्रा होऊंदे. तसा अजून बराच निघंल तो, पर वय झालंय त्याचं."

दुरुस्तीला सावळाराम गाडी इब्राहीमखेरीज कुणाच्या हाती देत नसे. व्हॅनचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. इब्राहीमनं सीट उचलली, आत हात घातला आणि तसाच थांबला.

"सोम्या, गाडी उभी हाय म्हनलास न्हवं?"

"उभीच हाय चाचा."

"इंजिन गरम लागतंय."

"आयला, उभ्या गाडीला ताप आला का काय!" कोंडिबा हसला. बाकी कुणी हसलं नाही.

इब्राहीमनं पाना उचलला. पान्यानं पुली सैल केली, कव्हर काढलं, पट्टा ओढून घेतला आणि उजेडात धरून वाकवला. त्याचा चेहरा उतरला.

"ह्या भेगा वयानं पडत्यात. त्या असनारच. पर हे दात बघ. दात चालल्याबिगर झिजत न्हाईत. आन् मीटर तर तुझ्या बापानं सोडलं तिथंच हाय."

"मीटरची वायर काढली असंल," कोंडिबा म्हणाला. "आजकालची पोरं लई हुशार. आठवडाभर दुसऱ्याच्या हातनं भाडी मारायची नि गुरुवारी म्हनायचं, उभी हाय."

"चाचा, देवाशपथ सांगतो…"

"माझ्याम्होरं शपथ नको घेऊस," इब्राहीम हळूच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. "तुझ्या बापानं उभ्या जन्मात मीटरला हात लावला न्हाई. म्या माझ्या शब्दावर गिऱ्हाईक आनलं, सोम्या."

कोंडिबानं टोपी झटकली. "ऱ्हाऊंद्या मग. मला फुलं न्यायचीत, भानगडी न्हाई न्यायच्या." आणि तो चालायला लागला.

रतनबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. सगळं तिच्या कानावर पडलं होतं. आपण गप्प राहिलो, एवढंच केलं, की हा माणूस जाईल. गाडी राहील. उद्या तुळशीला पाणी घातलं की किल्ली खिळ्यावर असेल. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. कोंडिबा अंगण ओलांडून बांधापर्यंत गेला, तरी ती उभीच राहिली.

मग तिचं लक्ष सोमनाथकडं गेलं. तो खाली बघत होता. कान लालबुंद झाले होते. त्याच्या वडिलांचेही असेच व्हायचे, कुणी खोटं पाडलं की.

"दादा, थांबा!" ती कप घेऊनच पुढं आली. "पोरानं न्हाई. म्या चालवली."

कोंडिबा वळला. "मावशी, तुमी? कुठं नेली व्हती?"

"कुठं न्हाई. हितंच. जाग्यावर. रोज सकाळी, माळ हुईस्तवर." ती इब्राहीमकडं वळली. "ह्यांनी एसटीतनं सांगितलं व्हतं, मी येईस्तवर कर. तुमी व्हता तितं. मला कुनी बंद कर म्हनलंच न्हाई, भावजी."

सोमनाथ जवळ आला, तिच्या हातातले कप त्यानं घेतले.

"आये, मला का न्हाई सांगितलंस?"

"तू बंद कर म्हनला असतास."

इब्राहीम पान्यांच्या पेटीवर बसला होता. झिजलेला पट्टा त्याच्या दोन्ही हातांत होता, आणि अंगठ्यानं तो एकेक दात चाचपत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "अँब्युलन्समधनं त्याला उतरवला तवा डोक्याकडनं म्याच धरला व्हता. हितंच उतरवला, गाडीपाशी." त्यानं पट्टा मांडीवर ठेवला. "सावळा आला व्हता, वहिनी. आलाच व्हता तो."

रतनबाईनं पदर तोंडाशी धरला. इतके दिवस ज्या प्रश्नाला तिनं कुणाच्या दारात नेलं नव्हतं, त्याचं उत्तर आलं होतं. पण तिला ते नको होतं.

"व्हय," ती म्हणाली.

इब्राहीमनं नवा पट्टा घातला. वरची खूण आणि खालची खूण एका रेषेत आणल्या, इंजिन हातानं फिरवून पाहिलं, खुणा पुन्हा जुळल्या तेव्हाच कव्हर लावलं. तोवर रतनबाईनं आतून हळदकुंकू आणि नारळ आणला. सोमनाथनं चाकापाशी नारळ फोडला. बांधावरून परत आलेल्या कोंडिबानं टोपी काढली.

"तुमीच चालू करा," इब्राहीम म्हणाला.

ती बसली. किल्ली फिरवली. गाडी खोकली नाही. पहिल्या झटक्याला सुरू झाली, आणि आवाज असा गुळगुळीत निघाला, जणू कुणा दुसऱ्याचीच गाडी. माळ तिच्या कमरेला होती. तिनं ती काढली नाही. थोडा वेळ ऐकलं आणि बंद केलं.

किल्ली घेताना कोंडिबानं दोन्ही हात पुढं केले. "मावशी, काळजी करू नगा. मी तर रोजच चालू करनार."

बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत सोमनाथ तिच्याजवळ उभा होता. इब्राहीम जुना पट्टा चिंधीत गुंडाळायला लागला, तेव्हा तिनं हात पुढं केला. त्यानं काही न विचारता तो तिच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं तुळशीला पाणी घातलं. पदराला हात पुसले. खिळ्यावर तो पट्टा अडकवलेला होता. त्याकडं न बघता ती शेडात गेली आणि तेलाच्या डागाशेजारी जमिनीवरच बसली. शेजारच्या ठकुबाईनं कुंपणावरून डोकावून पाहिलं. रोजचा आवाज आज आला नाही, म्हणून.

माळ नेहमीपेक्षा हळू सरली. मेरुमणी बोटाला लागला, आणि रतनबाईचा उजवा हात आपोआप पुढं गेला, बंद करायला.