तिसरा दिवा

"हलू नकोस," लाइटवाला म्हणाला आणि इस्त्री घेऊन पुन्हा स्टुलावर चढला.

त्याची बायको हलली नव्हतीच. बारा वाजल्यापासून ती जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या फुलीवर उभी होती आणि आता सव्वातीन झाले होते. मागे भिंतभर हिरवं कापड टांगलेलं होतं. त्या हिरव्याच्या जागी नंतर नकाशा येणार, म्हणून ते सगळीकडे सारखं उजळलं पाहिजे, सावली नको, सुरकुती नको, हे एव्हाना तिला तोंडपाठ झालं होतं.

वीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्यावर कुठे मुलांच्या एका वाहिनीने भूगोल सांगण्यासाठी तिचा नमुना मागवला होता. तीन मिनिटांचा व्हिडिओ, आज चार वाजेपर्यंत पाठवायचा. कामावरून दिवे आणतो, दहा मिनिटांत उरकतो, असं नवराच आपणहून म्हणाला होता.

पण उरकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. डावा दिवा वर केला की उजवा कोपरा काळवंडायचा. उजवा पुढे आणला की मधोमध पांढरट डाग उठायचा. तिची सावली पडते म्हणून त्याने फुली दोनदा उखडून पुढे चिकटवली. शेवटी तिच्यासाठी आणलेला तिसरा दिवाही तेवढ्यापुरता म्हणून कापडाकडे वळवला. तिचे पाय भरून आले होते, डोकं उठलं होतं आणि सकाळपासून घोकलेली नद्यांची खोरी एकेक करून आटत चालली होती. काही बोलावं तर तो म्हणणार, तुला यातलं काय कळतं. ती दात आवळून उभी राहिली.

पावणेचारला तो कपाळ पुसत खाली उतरला.

"आता बघ. शोधूनही डाग सापडणार नाही."

त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला. खरंच डाग नव्हता. कापड या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखं लख्ख होतं. त्याच्यापुढे एक काळी बाई उभी होती. तिला ना नाक होतं, ना डोळे.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "कापडाला नोकरी नक्की लागेल."

त्याला कळायला जरा वेळ लागला. तोवर तिने तिसरा दिवा स्टँडसकट ओढत आणून स्वतःच्या तोंडावर वळवला होता. ओढताना स्टँडचा पाय कापडात अडकला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात चांगली हातभर सुरकुती पडली.

तिने स्वतःच कॅमेऱ्याचं बटण दाबलं, फुलीवर येऊन पदर सारखा केला आणि मुलांना नमस्कार केला.

तो वाकत वाकत कडेने गेला, चित्रात येणार नाही असा जमिनीवर बसला आणि कापडाचा तो कोपरा दोन्ही हातांनी ताणून धरला. तीन मिनिटं तो हलला नाही.