दोघांचा ट्रॅक्टर

"त्याला सांग, ट्रॅक्टर बाहेर काढ म्हणावं," सासरा म्हणाला.

ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर बसून बूट चढवत होता. सुनेनं चहाचा कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ट्रॅक्टर बाहेर काढा म्हणतायत."

"त्यांना सांग, मला कान आहेत."

"त्यांना कान आहेत," तिनं सासऱ्याला सांगितलं.

"मग त्याला सांग, दोन कानांच्या मधे जे असतं तेही असतं तर फार बरं झालं असतं."

हे तिनं पोचवलं नाही. सगळेच निरोप पोचवत बसली असती तर घरात एक भांडं धड राहिलं नसतं.

बाप-लेकाचा हा अबोला ट्रॅक्टर आल्यापासूनचा. त्याआधी दोघांचं फार गुळपीठ होतं अशातला भाग नाही, पण निदान भांडण्यापुरतं तरी ते एकमेकांशी बोलत. बैल होते तोवर कामाची वाटणी ठरलेली होती. म्हातारा पुढं बैल हाकायचा, पोरगा मागं नांगराची मूठ दाबायचा, आणि सरी वाकडी गेली की दोघं मिळून बैलांना शिव्या द्यायचे. मग बैल विकले आणि एक जुना ट्रॅक्टर आणला. विकणारा माणूस भला. अख्खी दुपार अंगणात थांबून शिकवत राहिला. क्लच कुठला, मागच्या चाकांना ब्रेक दोन का, रस्त्यावर ते जोडून का ठेवायचे आणि शेतात वळायला सुटे का करायचे, इंजिन बंद करायचा दांडा कुठं, सगळं सांगितलं. म्हातारा अशी मान हलवत होता की हे यंत्र जणू त्यानंच शोधून काढलंय. पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. नंतर लावून बघितला तर त्यात सगळा त्याचा स्वतःचा अंगठा. सून चहा द्यायला आली होती ती दारातच थांबली. तिला कोणी शिकवत नव्हतं, त्यामुळं तिला नीट ऐकता आलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा घरातला कर्ता म्हणून पहिल्यांदा सीटवर बसला. त्यानं क्लचवरचा पाय असा उचलला, जसा विंचवावरून उचलावा. ट्रॅक्टर उडी मारून न्हाणीच्या भिंतीत घुसला. न्हाणी पडली. पोरगा पोट धरून हसला. त्यानंतर घरातले सगळे पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करू लागले आणि वारा सुटला की घाईनं उरकू लागले.

मग पोराची पाळी. त्यानं ट्रॅक्टर दिमाखात गल्लीतून नेला, एक हात स्टिअरिंगवर, एक हात लोकांना दाखवायला. मागचा फाळांचा सांगाडा वर उचलायचा असतो, हे मात्र साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत त्यानं अख्खी गल्ली नांगरून काढली. समोरचा सुतार हातात रंधा घेऊन बाहेर आला आणि विचारता झाला, "काय पेरणार आहात? नाही, म्हणजे माझ्या दारात जरा चांगलं बियाणं टाका."

त्या रात्री म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. झालं. "यापुढं माझ्याशी बोलायचं नाही," असं दोघंही एकदमच म्हणाले. पहिलं कोण म्हणालं यावरून पुन्हा भांडायची सोय राहिली नाही, कारण बोलणं बंद झालं होतं.

पण सीट सोडायला कोणी तयार नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यानं सुनेमार्फत जुनीच वाटणी पुढं केली. स्टिअरिंग, क्लच, गिअर आणि ब्रेक पोराकडं. वेग कमीजास्त करायचा दांडा आणि मागचे फाळ वरखाली करायचा दांडा म्हाताऱ्याकडं, तो उजव्या चाकाच्या पत्र्यावर बसणार. आणि दोघं बोलत नाहीत म्हणून डाव्या चाकाच्या पत्र्यावर सून, निरोप द्यायला. एक ट्रॅक्टर चालवायला तीन माणसं! बैल परवडले, त्यांना निदान एकमेकांचं कळत होतं.

सून केव्हाच नको म्हणाली असती. पण विहिरीच्या कडेला तिचं कांद्याचं रोप तयार होतं. बी टाकल्यापासून तिनं एकटीनं ते वाढवलं होतं, तण काढलं, पाणी दिलं, कोंबड्या हाकलल्या. आता ते वीतभर झालं होतं आणि वाफ्यात दाटी करून पिवळं पडायला लागलं होतं. विहिरीलगतचं रान पावसानं नुकतं वाफशावर आलं होतं. माती हातात घेतली की मोकळी सुटत होती. आत्ता फाळ फिरले तर रोप लागणार. उन्हं अशीच राहिली तर माती दगड होणार आणि रोप उपटून गुरांपुढं टाकावं लागणार. घरात याची काळजी एकटीला तिलाच होती. बाकीच्या दोघांना काळजी होती ती आपलं नाक कापलं जाऊ नये याची.

तर असं हे लटांबर रानात पोचलं.

"त्यांना सांग, फाळ टाका."

"आबा, फाळ टाका म्हणतायत."

"त्याला सांग, आधी सरळ उभा कर."

"सरळ उभा करा."

"त्यांना सांग, सरळच आहे, तुमची मान वाकडी आहे."

"सरळ आहे म्हणतायत," तिनं निम्मंच सांगितलं. इंजिनच्या आवाजात तिला प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागत होता. एक फेरा कसाबसा पार पडला. दुसऱ्या फेऱ्यात म्हाताऱ्यानं फाळ उचललेच नाहीत आणि बांधाचा एक तुकडा सोबत आला. तिसऱ्या फेऱ्याला ट्रॅक्टर विहिरीच्या बाजूच्या टोकाला आला. तिथं वेग कमी करून, फाळ उचलून वळायचं होतं.

"त्यांना सांग, कमी करा!"

"आबा, कमी करा! वळायचंय!"

"त्याला सांग, मला कळतंय! मी त्याच्या आधी जन्मलोय!" म्हातारा गरजला, आणि त्या तावात त्यानं दांडा नेमका उलटा ढकलला.

ट्रॅक्टर ढेकळांवरून उधळला. पोरानं घाबरून ब्रेक दाबला. पण शेतात दोन्ही ब्रेक सुटे केलेले, आणि त्याचा पाय पडला तो एकट्या डाव्यावर. डावं चाक जागच्या जागी अडलं आणि ट्रॅक्टर गर्रकन डावीकडं फिरला. समोर रोपाचे वाफे, वाफ्यांच्या पलीकडं विहीर. त्या विहिरीला कठडा कसला, गुडघाभर उंचीचे सुटे दगड.

अशा वेळी माणसानं क्लच दाबावा. या पठ्ठ्यानं दोन्ही पाय वर घेतले, घरात पाणी शिरल्यावर घेतात तसे, आणि "आबा! आबा!" करायला लागला. म्हाताऱ्यानं दांडा सोडून दोन्ही हातांनी पत्रा धरला आणि डोळे मिटून घेतले. पुढची चाकं वाफ्यांतून गेली. सुनेला रोप चिरडल्याचा वास आला, हिरवा, कांद्याचा, आणि तेवढ्यात तिनं नवऱ्याच्या मांडीवरून वाकून इंजिन बंद करायचा दांडा दोन्ही हातांनी ओढला.

इंजिन गचकलं. ट्रॅक्टर एक हिसका देऊन थांबला. कठड्याचा एक दगड पुढच्या चाकानं ढकलला गेला होता, तो हळूच कलंडला आणि आत गेला. पाण्यात पडल्याचा आवाज जरा उशिराच आला.

तिघं खाली उतरले. सून वाफ्यांकडं गेली. निम्मं रोप मातीत गाडलं गेलं होतं. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो नुसता संताप, कानशिलं तापवणारा.

आणि तिच्या पाठीमागं बाप लेकाशी बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मधे कोणी नसताना.

"बघितलंस? बाई वर बसली की असंच होतं."

"तेच म्हणतोय मी, आबा. तिच्या ओरडण्यानंच माझं लक्ष गेलं."

"तुझं काही चुकलं नाही हो."

"तुमचंही नाही."

वा! ज्या दोघांना जीव वाचवायला एकमेकांशी बोलता आलं नाही, त्यांना बाईवर खापर फोडायला मात्र वाचा फुटली. सून वळली. दोघं आता ट्रॅक्टरकडं बघत उभे होते. पुढचं चाक विहिरीच्या अगदी तोंडाशी होतं.

"मागं घ्यायला पाहिजे," म्हातारा म्हणाला. "तू घे."

"छे, आबा, तुम्ही घ्या. तुमचा अनुभव मोठा."

"नाही रे बाळा. स्टिअरिंग तुझं."

"पण कर्ते तुम्ही."

घरात मीठ मागतानासुद्धा एकमेकांच्या अंगावर जाणारी ही माणसं विहिरीच्या काठावर इतकी नम्र झाली की बघवत नव्हतं. तिनं दोघांना बाजूला सारलं आणि सीटवर चढली.

"ए, उतर! विहिरीत घालशील!" नवरा ओरडला.

भीती तिलाही वाटत होती. एक गिअर चुकला तर ट्रॅक्टर आणि ती, दोघांनाही बाहेर काढायला दोर लागले असते. पण विकणाऱ्यानं सांगितलेलं तिनं दारातून नीट ऐकलं होतं, आणि दोन्ही बाजूंचे निरोप ओरडून ओरडून तिला सगळं पाठ झालं होतं. तिनं दोन्ही ब्रेक जोडून दाबून धरले. बंद करायचा दांडा आत ढकलला. वेगाचा दांडा कमीवर आणला, क्लच दाबून ट्रॅक्टर सुरू केला, फाळ उचलले, गिअर मागचा टाकला आणि तो मागचाच आहे हे पुन्हा एकदा हात ठेवून बघितलं. मग ब्रेकवरचा पाय सैल करत करत क्लच अगदी हळूहळू सोडला. चाक विहिरीपासून हातभर मागं आलं, मग दोन हात, मग चांगलं लांब.

आता उतर म्हणायला दोघं पुढं झाले. ती उतरली नाही. तिनं ट्रॅक्टर वळवला आणि रानात घातला. पहिले दोन फेरे तिचेही वाकडेच गेले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. तिसऱ्यापासून ते सरळ येऊ लागले. दोघं बांधावर उभे राहून हातवारे करत होते, आणि काय म्हणतायत ते इंजिनच्या आवाजात तिला ऐकू येत नव्हतं. तिला फार बरं वाटलं. उन्हं कलायच्या आत विहिरीलगतचं सगळं रान मोकळं झालं.

संध्याकाळी सुतार न्हाणीची चौकट मोजायला आला.

"रान बघून आलो हो," तो म्हणाला. "झकास झालंय. कोणी केलं?"

आत भांडी घासणाऱ्या सुनेचा हात थांबला. बाहेर म्हातारा खाकरला. "कोणी म्हणजे? आम्हीच."

"दोघांनी मिळून," पोरगा म्हणाला.

सून हात पुसत दारात आली. "खरंच हो, भाऊ. आणि वरचं रान अजून राहिलंय. उद्या सकाळी करणारेत दोघं. तुम्ही बघायला याच. गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन या, त्या दिवशी गल्लीत नीट बघायला मिळालं नव्हतं कोणाला."

"येतो ना!" सुतार तोंड भरून हसला. "सगळ्यांना सांगतो." चौकट न मोजताच तो निघाला.

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. वरच्या रानाला एका अंगानं ओढा होता आणि कठडा तर तिथं नावालाही नव्हता. बाप लेकाकडं बघत राहिला, लेक बापाकडं.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला. अशी नीट हाक त्यानं तिला आजवर मारली नव्हती. "माझी कंबर जरा धरलीय. वरचं रान तू केलंस तर?"

"आणि माझं रोप कोण लावणार? उद्याच्या उद्या लावलं नाही तर उरलेलंही जाईल."

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. लेक जमिनीकडं बघत म्हणाला, "आम्ही लावू."

दुसऱ्या दिवशी सुतार आणि अर्धी गल्ली ओढ्याच्या काठावर येऊन उभी राहिली तेव्हा वरच्या रानात ट्रॅक्टर चालू होता आणि त्यावर एकच माणूस होतं. खाली विहिरीलगत बाप-लेक शेजारी शेजारी उकिडवे बसून चिखलात कांद्याची एकेक काडी खोचत होते. सून वळायला टोकाशी आली, तिनं वेग कमी केला, फाळ उचलले आणि खाली बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आबा, तुमच्या मुलाला सांगा, मुळं खाली करून लाव म्हणावं!"