नाकतोड्याची भावकी

नानासाहेबांनी प्रबंधातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली. "हे वाक्य काढ. मग सही करतो."

वाक्य साधं होतं. नाकतोड्याचं जवळचं नातं गोमेशी नाही, पाण्यातल्या झिंग्याशी दिसतं. मार्गदर्शकाची सही नाही तर प्रबंध पुढं जाणार नव्हता, आणि मनकर्णाची सगळी मेहनत मातीत.

मनकर्णा चितेगावची. बाप कारखान्यात कामाला, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणत हर्सूलच्या तुरुंगात राहून आलेला. लेकीनं धरणातले झिंगे आणले, बांधावरचे नाकतोडे धरले, दगडाखालच्या गोमी चिमट्यानं उचलल्या. त्यांचे मज्जारज्जू सोडवून तिनं असे रंगवले, की सेरोटोनिन असलेल्या पेशीच तेवढ्या तपकिरी दिसाव्यात. सेरोटोनिन म्हणजे पेशींमधला निरोप्या. किड्यातही असतो, आपल्यातही. झिंग्यात आणि नाकतोड्यात या पेशी मोजक्याच, ठरलेल्या जागी, आणि त्यांचे धागे शरीराची मधली रेघ ओलांडून पलीकडं जाणारे. गोमेचा संसार निराळा.

"पुस्तकात नाकतोडा आणि गोम एका घरातले आहेत," सर म्हणाले. "दोघं जमिनीवरचे, दोघं नळ्यांनी श्वास घेणारे. झिंगा परका."

"पुस्तकवाल्यांनी वरून पाहिलं, सर. मी आतून पाहिलंय."

सर हसले. "बाहेर मोर्चे निघतायत ते कमी आहेत का? आता इथंही नामांतर करायला निघालीस?"

मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जायलाच हवी होती. पण ती भांडली नाही. तिनं तीन काचपट्ट्या काढल्या, त्यांच्यावरच्या नावांवर कागद चिकटवले आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवल्या.

"यातल्या भावकीतल्या दोन तेवढ्या निवडून द्या, सर."

नानासाहेब गर्विष्ठ खरे, पण नजर खोटी नव्हती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिन्ही काचा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. बघता बघता त्यांना गोडीच लागली.

"यात विचारायचं काय? ह्या दोन. आंधळाही सांगेल." तिसरी त्यांनी बाजूला सारली.

मनकर्णानं कागद सोलले. निवडलेल्या दोघांत एक झिंगा होता, एक नाकतोडा. बाजूला पडली होती ती गोम.

सरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"खरं असेल," ते म्हणाले. "पण तुझ्या नावानं हे गेलं, तर लोक म्हणतील, हिला जिथं तिथं बदलच पाहिजे. त्यात मीही ओढला जाईन. वाक्य काढ. पुढंमागं कुणीतरी मोठा माणूस लिहील, तेव्हा बघू."

इतकी वर्षं शहरात सांभाळून बोललेली मनकर्णाची भाषा तिथं सुटली.

"मी नाय काढायची. सही करायची नसंल तर करू नका. उद्या चर्चासत्रात ह्याच काचा सगळ्यायपुढं ठिवते. ज्याला लई पुळका आसंल त्यानं गोमंला नाकतोड्याच्या पंगतीला बसवून दाखवावं."

"मनकर्णा, हट्ट सोड."

तिनं काचा डब्यात भरल्या आणि डबा काखेत मारला. दारात ती वळली.

"नावं झाकली तवाच तुमाला खरं दिसलं, सर. मी माझं झाकणार नाय."