मनोऱ्यावरचा नकाशेवाला

ॲम्ब्रोज पेल नॉर्फकच्या सरदारासाठी नकाशे काढायचा. ज्या गावाचा नकाशा निघे, त्याच्या गायरानाला लवकरच सरदाराचं कुंपण पडे आणि माणसं देशोधडीला लागत. थॉर्नबीच्या लोकांनी मात्र त्याला हसतमुखाने बिअर पाजली आणि शिवार नीट दिसावं म्हणून चर्चच्या मनोऱ्यावर चढवलं. तो वर पोचताच त्यांनी शिडी काढून घेतली.

"अहो, शिडी लावा! गारठून मरेन मी!"

"काय साहेब, आमचं गायरान दिसतंय का वरून?" सिसिली म्हातारीने विचारलं. शेजारच्या गावातून हुसकावलेला तिचा लेक रस्त्याकडेला उपाशी मेला होता.

"मी पोटासाठी चाकरी करतो, बाई!"

"पोट माझ्या लेकालाही होतं. टाक तो नकाशा खाली, मग बघू."

त्याने नकाशा फेकला. लोकांनी तो पेटवून त्यावर हात शेकले आणि त्याला वरच ठेवून ते आपापल्या घरी गेले.

सकाळी त्याला उतरवलं, तेव्हा हिमाने काळी पडलेली बोटं कापावीच लागली. सरदाराने त्याला हाकललं आणि दुसरा नकाशेवाला शिपायांसकट धाडला. थॉर्नबीला कुंपण पडल्याचं ॲम्ब्रोजला बाजारात भीक मागताना कळलं. तो पोट धरून हसला.